वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर हाडांची काळजी : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत स्लीव्ह किंवा बायपास ही वजन कमी करण्याची ऑपरेशनं झालेल्या लोकांच्या आहाराचं काम मी करते. पहिल्या वर्षी बहुतेक जण काटेकोर असतात. प्रोटीन मोजतात, गोळ्यांचा गजर लावतात, वजन लिहून ठेवतात. वजन एका जागी स्थिरावलं की गजर बंद होतो आणि तपासण्या राहून जातात. हाडांची झीज मात्र वजन थांबलं म्हणून थांबत नाही, विशेषतः बायपासनंतर. माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न म्हणून एका जागी लिहून ठेवले आहेत. डोस सर्वसाधारण प्रौढांसाठी आहेत. मूत्रपिंडाचा किंवा पॅराथायरॉईडचा आजार असेल तर ते तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा.

१. वजन उतरलं म्हणजे हाडांवरचा भार कमी झाला. मग हाडं आणखी चांगली व्हायला नकोत का?

गुडघ्यांना आणि कंबरेला आराम पडतो हे खरं. पण सांध्याचं दुखणं वेगळं आणि हाडाची ताकद वेगळी. हाड किती भक्कम ठेवायचं हे शरीर त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरवतं. भार घटला की हाडही कमी राखलं जातं. चरबीबरोबर थोडे स्नायू जातात, त्यामुळे हाडाला मिळणारी ओढ कमी होते. चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेन घटतं, भुकेशी संबंधित हार्मोन्स बदलतात, खाणं कमी होतं. बायपासमध्ये तर कॅल्शियम शोषून घेण्याची मुख्य जागाच वाटेतून वगळली जाते. बायपासनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत खुब्याच्या हाडाची घनता साधारण ५ ते १० टक्के उतरते.

याचा अर्थ ऑपरेशन चुकलं असा नाही. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं यांतून मिळणारी सुटका फार मोठी आहे. ज्याला ऑपरेशनची खरी गरज आहे त्याला हाडांच्या भीतीने मी कधीच मागे खेचणार नाही. हाडांची जबाबदारी मात्र आयुष्यभराची आहे, आणि ती ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगितली जायला हवी.

२. स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास यांपैकी कशात हाडांना जास्त धोका?

आतड्याचा जितका भाग वगळला जातो, तितका धोका वाढतो. स्लीव्हमध्ये फक्त जठर लहान होतं, आतड्याची वाट तीच राहते, म्हणून झीज तुलनेने कमी. बायपास आणि मिनी बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग सुटतो, आणि कॅल्शियम, लोह यांचं शोषण मुख्यतः तिथेच होतं. ड्युओडेनल स्विचसारख्या ऑपरेशनमध्ये शोषण सर्वांत कमी होतं, त्यामुळे गोळ्याही सर्वांत जास्त लागतात. बायपासनंतर हाड मोडण्याचा धोका साधारण दोन वर्षांनंतर वाढताना दिसतो, म्हणजे नेमका पाठपुरावा ढिला पडतो तेव्हा.

स्लीव्हवाल्यांनी निर्धास्त राहू नये. जठरातलं आम्ल घटतं, खाणं घटतं, वजन झपाट्याने उतरतं, आणि अनेकांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतात. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडच्या इंजेक्शनने वजन उतरवणारेही हल्ली विचारतात. त्यांच्या आतड्याची वाट बदललेली नसते, पण भार आणि स्नायू कमी होण्याचा भाग त्यांनाही लागू आहे. त्यांनी प्रश्न ११ आणि १५ जरूर वाचावेत.

३. माझं रक्तातलं कॅल्शियम ९.२ आलंय, एकदम नॉर्मल. मग गोळ्या कशाला?

हा गैरसमज सगळ्यांत जास्त नुकसान करतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, नसांचे संदेश हे सगळं रक्तातल्या कॅल्शियमवर चालतं. त्यामुळे शरीर ती पातळी कोणत्याही परिस्थितीत खाली जाऊ देत नाही. पोटातून पुरेसं कॅल्शियम आलं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी पीटीएच हे हार्मोन जास्त सोडतात. पीटीएच हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं. रिपोर्टवर ९.२ दिसतं, पण ते आलं कुठून हे रिपोर्ट सांगत नाही. कॅल्शियम नॉर्मल, व्हिटॅमिन डी कमी आणि पीटीएच वाढलेलं असे तीन आकडे एकत्र दिसले, की समजा हाडातून उसनवारी चालू आहे. हे महिनोन्‌महिने, काही त्रास न होता चालू राहू शकतं.

म्हणून फक्त 'कॅल्शियम नॉर्मल' एवढ्यावर कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर पीटीएच पाहिलंय का, हे नम्रपणे पण नक्की विचारा.

४. कोणत्या तपासण्या करायच्या आणि कधी?

कॅल्शियम आणि अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, मॅग्नेशियम, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पीटीएच आणि क्रिएटिनिन. सोबत बी-१२, लोह आणि हिमोग्लोबिन असतंच. पहिल्या वर्षात साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. बायपासवाल्यांना डॉक्टर याहून लवकर बोलावू शकतात. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी प्रश्न १८ वाचा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं प्रश्न १३ मध्ये आहे.

५. दिवसाला कॅल्शियम किती लागतं?

स्लीव्ह आणि बायपासनंतर रोज १२०० ते १५०० मिग्रॅ, ड्युओडेनल स्विचनंतर १८०० ते २४०० मिग्रॅ. हा आकडा जेवण आणि गोळ्या मिळून आहे. एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅपेक्षा जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं. सकाळी एकदम तीन गोळ्या गिळून मोकळं होण्यात म्हणून अर्थ नाही. दोन-तीन वेळांत विभागा.

६. माझ्या पाकिटावर 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' लिहिलंय. रोज एक गोळी म्हणजे पुरेसं झालं ना?

बहुधा नाही. पाकीट हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' हे पूर्ण संयुगाचं वजन आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१ टक्के, म्हणजे सुमारे २१० मिग्रॅ असतं. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, म्हणून १२५० मिग्रॅ कार्बोनेटची गोळी ५०० मिग्रॅ कॅल्शियम देते. काही कंपन्या 'एलिमेंटल कॅल्शियम' असं वेगळं छापतात. आपल्याला हवा तो आकडा हाच.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन यायला सांगते. 'रोज हजार घेतोय' म्हणणाऱ्याच्या पोटात प्रत्यक्षात दोनशेच जात असतात, हे वारंवार दिसतं. त्यात त्या माणसाची काही चूक नाही, पाकिटं सामान्य माणसाला कळतील अशी छापलेलीच नसतात. औषधविक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: 'एका गोळीत एलिमेंटल किती?' आणि 'दोन गोळ्या मिळून' असं तर लिहिलेलं नाही ना, हेही बघा.

७. केमिस्ट म्हणतो कार्बोनेट आणि सायट्रेट सारखंच, कार्बोनेट स्वस्त आहे. घेऊ का?

कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. बायपासनंतर जठराच्या उरलेल्या लहान पिशवीत आम्ल फारच कमी बनतं, स्लीव्हनंतरही घटतं, आणि त्यावर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर आणखी घटतं. सायट्रेटला आम्लाची गरज नाही, ते उपाशीपोटी किंवा जेवणाबरोबर कसंही चालतं, त्याने बद्धकोष्ठतेचा त्रासही कार्बोनेटपेक्षा कमी होतो. बायपासवाल्यांना मी सायट्रेटच सांगते.

खर्चाची अडचण खरी असते, ती मी नाकारत नाही. सायट्रेटच्या गोळ्या जास्त लागतात आणि महिन्याचं बिल वाढतं. दोन्हींपैकी काहीच न घेण्यापेक्षा जेवणानंतर कार्बोनेट घेणं केव्हाही बरं, पण मग डॉक्टरांना तसं सांगा, म्हणजे पीटीएच लवकर तपासता येईल. पॅन्टोप्राझोल कधी सुरू केलं होतं आणि अजून लागतंय का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. ती गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका, बायपासच्या जोडावर (जठर आणि आतडं जिथे जोडलं तिथे) अल्सर होऊ नये म्हणून ती दिलेली असू शकते.

८. थायरॉईड, लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन. एवढ्या गोळ्या दिवसात बसवायच्या कशा? मी सकाळी ऐरोलीहून लोकल पकडते.

नियम दोनच. थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास कॅल्शियम आणि लोह नको. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास.

नोकरी करणाऱ्या बहुतेक बायकांना असं जमतं: सकाळी ६ ला थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता तासाभराने. साडेदहा-अकराला ऑफिसात पहिलं कॅल्शियम. दुपारच्या जेवणाबरोबर लोह आणि लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन, वर लिंबू पिळलेली कोशिंबीर. त्यावर लगेच चहा आणि त्या जेवणात दही नको. संध्याकाळी ५ ला दुसरं कॅल्शियम, रात्रीच्या जेवणाबरोबर तिसरं. पर्समध्ये छोटी डबी ठेवा. घरी पोचून घेईन असं ठरवलं आणि गाडी रखडली, की तो डोस हमखास राहतो.

आणखी एक, वजन उतरल्यावर थायरॉईडचा डोस अनेकदा कमी करावा लागतो. जुनाच डोस चालू राहिला आणि टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) फार खाली गेला, तर त्यानेही हाडं झिजतात.

९. व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पावडर दर आठवड्याला घेतेय, दोन वर्षं झाली. बरोबर आहे ना?

तपासणी न करता दोन वर्षं, हे बरोबर नाही. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साडेआठ हजार युनिट. कमतरता भरून काढायला डॉक्टर साधारण आठ आठवडे असं देतात, मग पुन्हा पातळी बघून डोस उतरवतात. ऑपरेशननंतर रोज ३००० युनिट डी-३ पासून सुरुवात करून पातळी ३० नॅनोग्रॅमच्या वर नेणं आणि तिथे टिकवणं हे ध्येय असतं. बायपासवाल्यांपैकी काहींना खरोखरच दीर्घकाळ मोठा डोस लागतो, कारण चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं त्यांच्यात नीट शोषली जात नाहीत. पण तो डोस रिपोर्टवरून ठरतो.

जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं, मुतखडा. असं काही जाणवत असेल तर पावडर थांबवून तपासणी करा.

१०. मी रोज सकाळी उपवन तलावावर चालायला जाते, शिवाय घरात भरपूर ऊन येतं. तरी डी कमी कसं?

सहा-साडेसहाच्या कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात. ते अकरा ते तीनच्या उन्हात असतात, जेव्हा आपण ऑफिसात किंवा सावलीत असतो. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत, त्यामुळे गॅलरीला काच लावून आत खुर्ची टाकून बसण्याचा उपयोग नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, हवेतला धुरळा किरण अडवतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळच भरलेलं. चालणं सोडू नका, ते हाडांसाठीच आहे. डीसाठी गोळीवर भिस्त ठेवा.

११. प्रोटीन जास्त खाल्लं तर हाडातलं कॅल्शियम निघून जातं म्हणे. खरं का?

नाही. हाडाचा सांगाडाच प्रोटीनचा असतो, कॅल्शियम त्यावर बसतं. रोज किमान ६० ग्रॅम, अनेकांना ८० पर्यंत. जेवताना ताटातलं प्रोटीन आधी संपवा, भात-पोळी नंतर. पोट लहान आहे, उलट क्रमाने जेवलात तर उसळीला आणि पनीरला जागाच उरत नाही.

१२. गोळ्यांऐवजी नाचणी, तीळ, पालक खाऊन भागणार नाही का? आम्ही जैन आहोत.

अन्न हवंच, पण ऑपरेशननंतर नुसत्या अन्नावर भागत नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिग्रॅ कॅल्शियम असतं, ऐकायला छान वाटतं. पण तुम्ही खाता ती लहानशी भाकरी ३०-३५ ग्रॅम पिठाची, म्हणजे १००-१२० मिग्रॅ, आणि नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं सगळं शोषलं जात नाही. भिजवून मोड आणून केलेलं सत्त्व किंवा आंबील त्या मानाने बरी. तिळात कॅल्शियम भरपूर, पण तीळ खाऊन खाऊन किती खाणार? चमचाभर तिळकूट चटणीसारखं रोज जरूर घ्या. पालकातलं कॅल्शियम ऑक्सॅलेटमध्ये अडकलेलं असतं, ते धरूच नका.

सर्वांत भरवशाचं म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. २०० मिली दुधात सुमारे २४० मिग्रॅ. बायपासनंतर काहींना दूध पचेनासं होतं, पोट गुडगुडतं. त्यांना दही आणि ताक बहुधा चालतं. मासे खाणाऱ्यांनी मांदेलीसारखे काट्यासकट चावता येणारे छोटे मासे खावेत, चावून अगदी मऊ करून. सुकट, जवळा दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर काढतं.

जैन घरांसाठी दोन गोष्टी. चौविहार पाळत असाल तर शेवटचा डोस सूर्यास्ताआधी बसवा, म्हणजे प्रश्न ८ मधले कॅल्शियमचे शेवटचे दोन डोस दोन तास आधी सरकवा. आणि डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या तेलकट अंशातून बनवतात, कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून बनवलेलं डी-३ आणि साध्या गोळ्या मिळतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, आणि न पटणारी गोळी गुपचूप टाकून देण्यापेक्षा आम्हाला सांगा.

१३. सोसायटीच्या कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावून 'हाडं ठीक' सांगितलं. मग डेक्सा कशाला?

टाचेची ती तपासणी अल्ट्रासाउंडची असते. ऑपरेशन झालेल्यांच्या पाठपुराव्यासाठी ती पुरेशी नाही, तिच्यावर औषधही ठरवता येत नाही. आपल्याला मणका आणि खुबा यांची डेक्सा हवी. शक्य तर एक ऑपरेशनआधी आणि एक साधारण दोन वर्षांनी, पुढचं डॉक्टर ठरवतील. पाळी गेलेल्या, पूर्वी हाड मोडलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी यात चालढकल करू नये.

डेक्साच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते. ऑपरेशनआधी वजन खूप असेल तर बुकिंग करतानाच विचारा, अशा वेळी हाताच्या मनगटाजवळच्या हाडाची डेक्सा काढता येते. आणि दर वेळी त्याच केंद्रात, त्याच मशीनवर काढा. एक वाशीला आणि एक ठाण्यात काढली, तर दिसणारा फरक हाडांचा की मशीनचा हे सांगता येत नाही. शरीराची जाडी बदलल्यानेही आकडे थोडे हलतात, म्हणून रिपोर्ट वाचताना डॉक्टर रक्ततपासणी शेजारी ठेवतात.

१४. मी ३६ वर्षांची आहे. रिपोर्टवर टी-स्कोअर उणे १.८ बघून झोप उडालीय.

तुमच्या वयात, पाळी चालू असताना, झेड-स्कोअर बघायचा. टी-स्कोअर तरुण प्रौढाच्या भरात असलेल्या हाडांशी तुलना करतो आणि तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आणि ५० वर्षांवरच्या पुरुषांसाठी वापरतात. त्यांच्यात उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. झेड-स्कोअर तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो, तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर कारण शोधावं लागतं. तुमच्या रिपोर्टवर तो आकडा शेजारच्याच रकान्यात असेल.

१५. मी पामबीचवर रोज चालतो. तेवढं पुरेसं आहे का?

हृदयासाठी उत्तम, हाडांसाठी अपुरं. हाडाला वजन उचलण्याची आणि स्नायूंच्या जोरदार ओढीची गरज असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम करा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून दंड, रबरी पट्टे, हळूहळू वाढवत डंबेल. ऑपरेशननंतर असा नियमित व्यायाम करणाऱ्यांत हाडांची झीज कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. गुडघे साथ देत असतील तर लिफ्ट सोडून जिना चढा. एका पायावर, ओट्याला हात लावून, तोल सांभाळत उभं राहण्याचा सराव स्वयंपाक करतानाही होतो.

हाडं ठिसूळ निघाली असतील तर कंबरेतून पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्यासारखी आसनं आणि पोटाचे क्रंचेस टाळा, मणक्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा बसवून घ्या.

१६. मध्येच चक्कर येते. याचा हाडांशी काय संबंध?

थेट संबंध. हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यामुळे. वजन उतरल्यावरही रक्तदाबाच्या जुन्याच गोळ्या चालू असल्या तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर तास-दोन तासांत साखर एकदम खाली जाऊ शकते. बी-१२ कमी असेल तर तळपाय बधिर होतात आणि तोल जातो. तिन्हींवर उपाय आहे, म्हणून चक्कर 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या पायऱ्यांवर गुळगुळीत झालेली चप्पल घालू नका.

१७. हाडं ठिसूळ निघाली. सासूबाई आठवड्याला एक गोळी घेतात, तीच मी घेतली तर?

कृपया घेऊ नका. अॅलेंड्रोनेटसारख्या त्या गोळ्या अन्ननलिकेला आणि बायपासच्या जोडाला इजा करू शकतात, आणि शोषणही भरवशाचं नाही. औषधाची गरज असलीच तर डॉक्टर सहसा शिरेतून देतात, उदाहरणार्थ वर्षातून एकदा ५ मिग्रॅ झोलेड्रॉनिक अॅसिड. त्यानंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. पण त्याआधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून काढणं सक्तीचं. नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली घसरतं, आणि ऑपरेशन झालेल्यांत तो धोका जास्त. दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्या.

डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते सुरू केलं तर तारीख चुकवू नका आणि परस्पर बंद करू नका, बंद केल्यावर काही महिन्यांत मणके दबण्याचा धोका असतो. गावी जाणार असाल तरी त्याची सोय आधी करा.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बायपासवाल्यांना वर्ज्य. जोडावर अल्सर होतो.

१८. केस गळतात म्हणून बायोटिन घेतेय. त्याचा काही त्रास?

हाडांना नाही, रिपोर्टला आहे. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेक जणी १० मिग्रॅ बायोटिन सुरू करतात. तपासणीच्या काही पद्धतींत या डोसमुळे पीटीएच खोटं कमी आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येऊ शकतं. म्हणजे प्रश्न ३ मधली उसनवारी रिपोर्टवर दिसतच नाही. टीएसएचही फसवतो. रक्त देण्याआधी किमान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. 'हेअर, स्किन, नेल' नावाच्या गोळ्यांतही ते असतं.

१९. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करू का? आणि रोजे?

पहिल्या वर्षात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर करायचेच असतील तर साबुदाण्यावर नऊ दिवस काढू नका, त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम नाममात्र असतं. राजगिरा, दही, ताक, पनीर, शेंगदाणे यांवर करा, आणि गोळ्या उपवासातही चालू. निर्जळी टाळा. रोज्यात कॅल्शियम इफ्तारच्या वेळी, झोपताना आणि सहरीला असं विभागता येतं, लोह रात्रीच्या जेवणाबरोबर. दिवसभर पाणी नसल्याने ज्यांना मुतखड्याचा इतिहास आहे त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं.

२०. मुतखडा झाला. आता कॅल्शियम बंद करायचं ना?

बायपासनंतर उलट आहे. न शोषलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते, मग ऑक्सॅलेट मोकळं राहतं, शोषलं जातं आणि मूत्रपिंडात खडा करतं. जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम सायट्रेट हे ऑक्सॅलेट आतड्यातच अडकवतं, आणि सायट्रेट लघवीत खडा जमू देत नाही. बंद करायचं ते पालक, बीट, मूठभर बदाम, कडक काळा चहा आणि व्हिटॅमिन सीचे मोठे डोस. पाणी दिवसभरात घोट-घोट करून दोन-अडीच लिटर. खडा कशाचा आहे हे मात्र तपासून घ्या, सगळे खडे एकाच जातीचे नसतात.

२१. ऑपरेशननंतर मूल कधी?

१२ ते १८ महिने थांबा. वजन झपाट्याने उतरत असताना बाळाला आणि आईच्या हाडांना दोघांनाही पुरवणं अवघड जातं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कॅल्शियम-डी चालू ठेवा, दर तिमाहीत तपासणी करा. मल्टिव्हिटॅमिनमधलं व्हिटॅमिन ए बीटा कॅरोटीनच्या रूपात हवं, रेटिनॉलच्या नव्हे. डेक्सा प्रसूतीनंतर.

२२. पुरुषांनाही हे सगळं लागू आहे का?

हो. पुरुष तपासणीला कमी येतात, एवढाच फरक. सिगारेट आणि दारू दोन्ही हाडं झिजवतात, आणि बायपासनंतर दारू पूर्वीपेक्षा लवकर चढते.

२३. बायपासला सात वर्षं झाली. चौथ्या वर्षापासून गोळ्या सोडल्या, तसा त्रास काही नाही. मांड्या तेवढ्या दुखतात. आता काय करू?

मांड्या आणि कंबर खोलवर दुखणं, जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना पाय न उचलणं, बरगड्या दाबल्यावर कळ येणं, ही हाडं मऊ पडल्याची लक्षणं असू शकतात. याला वय किंवा संधिवात समजून लोक वर्षानुवर्षं मलम चोळत बसतात. प्रश्न ४ मधल्या सगळ्या तपासण्या या आठवड्यात करा. डी अगदी खाली आणि अल्कलाइन फॉस्फेटेज व पीटीएच वर आले, तर लवकर उपचार सुरू करता येतात आणि दुखणं बऱ्याच अंशी जातं.

ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन आता तिथे नसतील, तर हार्मोन्सच्या तज्ज्ञाकडे किंवा तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे जा, पण ऑपरेशनचा कागद सोबत न्या. कोणतं ऑपरेशन झालं आणि किती आतडं वगळलं हे त्यावर लिहिलेलं असतं, त्याशिवाय पुढच्या डॉक्टरला डोस ठरवणं अवघड जातं. कागद हरवला असेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा नसेल तर रक्त देऊन झाल्यावर त्याच दिवसापासून कॅल्शियम सायट्रेट सुरू करायला हरकत नाही. व्हिटॅमिन डीचा मोठा डोस रिपोर्ट आल्यावर डॉक्टर लिहून देतील.